खेपांचा हिशेब

‘विमान’ हा शब्द ‘मा’ म्हणजे मोजणे या धातूपासून आलेला आहे. आकाश मोजीत, आक्रमीत जाणारे ते विमान. पुढे या शब्दाला देवांचा सहवास लाभला, कुबेराचे पुष्पक आले, तुकोबांना न्यायला वैकुंठातून उतरलेले विमान आले, आणि मोजण्याचा मूळ अर्थ लोकांच्या स्मरणातून हळूहळू पुसला गेला. तो आज कुठे जिवंत पाहायचा असेल तर कोशाबाहेर पडून उत्तर ध्रुवाच्या दिशेने बरेच दूर, अलास्कात जावे लागेल. मृगयेसाठी रानात उतरणारे एखादे जुने, स्वस्त, लहानसे विमान विकत घ्यायला निघालेल्या माणसाच्या वहीत पानोपानी मोजमापच असते: पौंड, गॅलन, अश्वशक्ती, फूट. देवांच्या विमानाला वजनाची मर्यादा नव्हती. पुष्पकात कितीही माणसे बसली तरी एक जागा उरतच असे. माणसाच्या विमानाची सारी कथा त्या मर्यादेपासून सुरू होते.

अलास्का हे अमेरिकेचे सर्वांत मोठे राज्य. भूमी महाराष्ट्राच्या साडेपाच पट आणि वस्ती साडेसात लाखांच्या आसपास. राजधानी जुनो, पण बाहेरच्या जगातून तिथे मोटारीने पोहोचता येत नाही, बोटीने किंवा विमानानेच जावे लागते. डोंगर, हिमनद्या, दलदल आणि वरचेवर पात्र बदलणाऱ्या नद्या यांनी रस्त्यांना फारसे पुढे येऊ दिलेले नाही. १९२४ च्या फेब्रुवारीत कार्ल बेन आयल्सन याने फेअरबँक्सहून मॅकग्राथला विमानाने टपाल नेले. कुत्र्यांच्या घसरगाड्यांना ज्या वाटेवर आठवडे लागत, ती वाट त्याने काही तासांत संपवली. तेव्हापासून या प्रदेशात विमान ही निव्वळ चैन राहिली नाही. कोकणात होडी आणि देशावर बैलगाडी ज्या गरजेतून आली, त्याच गरजेतून अलास्काच्या अंगणात लहान विमान आले. अँकरेज शहरातल्या लेक हूड या तळ्यावर पाण्यातून उडणाऱ्या विमानांची जी वर्दळ असते, ती जगातल्या अशा तळांवरच्या सर्वांत मोठ्या वर्दळींपैकी एक मानली जाते.

भारतीय वाचकाच्या मनात शिकार म्हटले की संस्थानिकांचे हत्ती, मचाण आणि भिंतीवर टांगलेली वाघाची मुंडकी उभी राहतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते जग आपल्याकडे संपले, आणि ते संपले हे बरेच झाले. अलास्कातल्या शिकारीचा मोठा भाग मात्र स्वयंपाकघराशी जोडलेला आहे. तिथे मूस नावाचे अजस्र हरीण असते. पूर्ण वाढ झालेल्या नराचे वजन सोळाशे पौंडांपर्यंत जाते, आणि तेवढ्या मोठ्या जनावरापासून सुमारे पाचशे पौंड मांस मिळते. सप्टेंबरात असा एक नर पदरी पडला तर घराच्या हिवाळ्याची तरतूद झाली. मराठीत मूस म्हणजे सोने वितळवण्याचे पात्र. धातूतले हिणकस त्यात उघडे पडते. अलास्कातला मूसही माणसातले हिणकस उघडे पाडतो, हा योगायोगच म्हणायचा.

असा एक माणूस डोळ्यांसमोर आणावा. तो सुतार असेल, शाळामास्तर असेल, यंत्रदुरुस्ती करणारा असेल. उड्डाणाचा परवाना त्याने हौसेने आणि काटकसरीने मिळवला आहे. नवे विमान घेण्याचे स्वप्न त्याला परवडत नाही. ते घराहून महाग असते. तेव्हा त्याची नजर आपोआप सत्तर-ऐंशी वर्षांच्या जुन्या विमानांकडे वळते. मोटार इतकी जुनी झाली की ती संग्रहालयात जाते. विमान इतके जुने झाले तरी कामावर जाते, हे नवख्याला चमत्कारिक वाटते. कारण साधे आहे. विमानाचा प्रत्येक भाग ठरावीक काळाने तपासावा लागतो, झिजला की बदलावा लागतो, आणि तशी नोंद करावी लागते. त्यामुळे जुन्या विमानात मूळचे किती उरले आहे हा प्रश्न कित्येकदा तात्त्विक होऊन बसतो.

ही विमाने स्वस्तात मिळण्यामागे इतिहासातली एक मोठी फसगत आहे. दुसऱ्या महायुद्धातून हजारो वैमानिक घरी परतले. कारखानदारांना वाटले, आता यांतला प्रत्येक जण आपापले विमान घेणार. एकट्या १९४६ सालात अमेरिकेत तीस हजारांहून अधिक लहान विमाने तयार झाली. पायपर, ॲरॉन्का, टेलरक्राफ्ट, सेस्ना, स्टिन्सन असे सगळेच या लाटेवर स्वार झाले. परतलेल्या सैनिकांना मात्र आधी घर हवे होते, नोकरी हवी होती, पाळणा हवा होता. १९४७ मध्ये बाजार कोसळला आणि कारखाने अडचणीत आले. पण विमाने उरली. आजचा अलास्कातला सुतार ज्या विमानांतून निवड करतो, त्यांतली बरीचशी त्या फसलेल्या आशेची अपत्ये आहेत. त्या कुळाची एक शाखा भारतातही रुजली. ॲरॉन्काच्या ‘चीफ’ या विमानाच्या धर्तीवर बंगळूरच्या हिंदुस्थान कारखान्याने ‘पुष्पक’ हे दोन आसनी विमान घडवले. डॉ. विष्णू माधव घाटगे तिथे विमानरचनेची धुरा वाहत होते तो हा काळ. १९५८ मध्ये पुष्पक प्रथम उडाले आणि पुढे आपल्या फ्लाइंग क्लबांतून अनेकांनी त्याच्यावर उड्डाणाचे पहिले धडे गिरवले. नाव कुबेराच्या विमानाचे. पण या पुष्पकात तिसऱ्या माणसालाही जागा नव्हती.

विमान पारखणे आणि बैल पारखणे यांत फारसा फरक नाही. जाणता शेतकरी बाजारात गेला की शिंगांच्या रंगाला भुलत नाही. दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. जुन्या विमानालाही शिंगे रंगवलेली असतात: नवा पिवळाधमक रंग, नवी आसने, चकचकीत पंखा. पारखायचे असते ते कापडाखालचे. पायपर आणि ॲरॉन्का यांचा सांगाडा पोलादी नळ्यांचा आणि त्यावर ताणून बसवलेले कापड. पूर्वी ते सुती असे, आता कृत्रिम धाग्याचे असते. शेपटीकडच्या नळ्यांत पाणी साचून गंज चढतो. पंखाला खालून तोलणारे तिरके आधारदांडे आतून पोकळ असतात; बाहेरून रंग शाबूत आणि आतून धातू खाल्लेला, असे त्यांच्या बाबतीत घडते. पायपरच्या विमानांवर या दांड्यांची ठरावीक मुदतीने तपासणी करणे म्हणूनच १९९३ पासून सक्तीचे झाले. ॲरॉन्का आणि टेलरक्राफ्ट यांच्या पंखातले कणे लाकडी. त्यांत आडवी चीर गेली असेल तर ती शोधायला दिवा, आरसा आणि धीर लागतो. पंखात उंदरांनी घर केले असेल तर त्यांच्या मुताने धातू सडतो. कविकल्पनेतल्या विमानात उंदीर नसतात. विकाऊ विमानात ते हमखास शोधावे लागतात.

यानंतर येतात नोंदवह्या. इंजिन किती तास चालले, शेवटचे केव्हा पूर्ण उघडले, कोणत्या साली पंख बदलला, हे सारे त्यांत असते. जुन्या पोथीचा पाठ ठरवणारा संशोधक जशी गाळलेली ओळ हेरतो, तशी घेणाऱ्याला गाळलेली वर्षे हेरावी लागतात. सहा वर्षांत एकही नोंद नसेल तर विमान कोठारात निजून होते, आणि चालणाऱ्या इंजिनापेक्षा निजलेले इंजिन अधिक गंजते. ‘किरकोळ दुरुस्ती’ या दोन शब्दांआड अख्खा अपघात दडलेला असू शकतो. विकणारा जे बोलतो त्यापेक्षा वही जे बोलत नाही ते महत्त्वाचे, हा नियम साहित्याच्या अभ्यासकालाही ओळखीचा वाटेल.

एवढी पारख झाल्यावर खरा प्रश्न समोर येतो: कोणते घ्यावे? सर्वांचा लाडका तो पायपरचा जे-३ कब. १९३८ ते १९४७ या काळात जवळजवळ वीस हजार कब तयार झाले. पिवळा रंग, पासष्ट अश्वशक्तीचे इंजिन, एकामागे एक दोन आसने. इंजिन हाताने पंखा फिरवून सुरू करायचे. इंधन किती उरले हे सांगणारे यंत्र म्हणजे टाकीच्या झाकणातून वर आलेली एक तार. तिच्या खालच्या टोकाला बुचाचा तरंगता तुकडा असतो. टाकी भरलेली असली की तार उंच दिसते, रिकामी होत चालली की खाली जाते. इतके भाबडे यंत्र क्वचितच खोटे बोलते. पण भाबडेपणाने पाचशे पौंड उचलता येत नाहीत. या विमानाचे रिकामे वजन सुमारे ७६५ पौंड आणि कमाल मान्य वजन १२२० पौंड. म्हणजे उचलायला उरले ४५५. बारा गॅलन इंधनाचे ७२ पौंड आणि वैमानिकाचे १८० वजा केले की हाती राहतात अवघे २०३ पौंड. त्यांतून तंबू, बंदूक, शिधा वजा करायचा. म्हणजे एका मूसचे मांस आणायला निदान तीन खेपा, आणि सोबत्याला परत न्यायला चौथी.

सुपर कब हे त्याचेच थोरले भावंड. १९४९ मध्ये आले आणि काही वर्षांतच दीडशे अश्वशक्तीचे झाले. त्याचे कमाल वजन १७५० पौंड. म्हणजे इंधन आणि माणसे धरून आठशेच्या आसपास उचलण्याची ताकद. मोठे, मऊ, कमी हवेचे टायर लावले की ते नदीकाठच्या गोट्यांवरही उतरते. अलास्कातल्या रानवैमानिकांचे ते आराध्यदैवत आहे, आणि दैवताला शोभेल अशीच त्याची दक्षिणा असते. सुताराच्या वहीत ती मावत नाही. मग तो मधली माणसे शोधतो. १९४६ ते १९४८ मध्ये निघालेले सुपर क्रूझर आहे: पुढे एक आसन, मागे दोघांची बैठक, मागची जागा मोकळी केली की सामानाला ऐसपैस. इंजिन मूळचे शंभराच्या आसपास अश्वशक्तीचे. सेस्ना १७० आहे: १९४८ ते १९५६ या काळातले, चार आसनी, १४५ अश्वशक्तीचे. त्याच्या बहुतेक नमुन्यांना कापड मुळीच नाही, सगळा पत्रा. पण उतरायला जागा जास्त मागते. स्टिन्सन १०८ प्रशस्त आणि स्वभावाने गरीब. मात्र त्याच्या फ्रँकलिन इंजिनाचे सुटे भाग मिळवताना मालकाचे केस पिकतात. प्रत्येकाला एक गुण, प्रत्येकाला एक खोड. सर्वगुणसंपन्न स्थळ इथेही फक्त दुसऱ्याच्या घरी असते.

परवडणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न या टप्प्यावर निराळ्या रूपाने उभा राहतो. आरंभी तो पैशांचा होता. आता तो स्वभावाचा होतो. लहान विमान घेणाऱ्याला खेपा वाढवाव्या लागतात, म्हणजे वेळ लागतो, इंधन लागते, हवा पालटेल ही धास्ती सोसावी लागते. या सर्वांवर एक सोपा उपाय प्रत्येकाच्या मनात डोकावतो: थोडे अधिक भरावे. पन्नास पौंडांनी काय होते? विमान उडते, हेच या मोहाचे सर्वांत घातक अंग आहे. जमिनीवर थोडी अधिक धाव घेऊन ते उठतेही. आणि एकदा उठले की माणसाचा मर्यादेवरचा विश्वास उडतो.

अलास्काच्या कायद्याने या मोहाभोवती काही कुंपणे घातलेली आहेत. विमानातून जनावरावर गोळी झाडण्याला अमेरिकेच्या १९७१ च्या कायद्याने बंदी आहे. अलास्काचा नियम त्याच्याही पुढे जातो: स्वतःच्या विमानाने रानात उतरलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी पहाटे तीन वाजेपर्यंत मूससारख्या मोठ्या जनावराची शिकार करता येत नाही. वरून पाहिलेले आणि खाली मारलेले यांच्यामध्ये एक रात्र असावी, असा हा नियम. खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे हा गुन्हा. आणि शिंगे मांसाच्या आधी हलवायची नाहीत, ती शेवटच्या खेपेबरोबर. म्हणजे आधी अन्न, मग प्रौढी.

हे वाचताना भारतीय मनाला दुष्यंत आठवल्यावाचून राहत नाही. मनूने राजाच्या कामज व्यसनांची यादी दिली आहे. तिचा आरंभच मृगयेने होतो. कालिदासाचा सेनापती मात्र त्याच मृगयेचे गुण गातो: शरीर हलके होते, चळणाऱ्या लक्ष्यावर नेम साधतो. दोन्ही मते खरी असावीत, आणि म्हणूनच ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकात कवीने हरिण आणि बाण यांच्यामध्ये एक उंचावलेला हात आणून ठेवला आहे. आश्रमातले तपस्वी राजाला थांबवतात आणि राजा थांबतो. त्याआधीचा एक बारकावा सहसा दुर्लक्षित राहतो. हरिण पुढे निघून गेले ते सारथ्याने लगाम आवळला म्हणून, आणि लगाम आवळला तो जमीन उंचसखल होती म्हणून. राजाची दृष्टी मृगावर होती, सारथ्याची भूमीवर. रथात दोन माणसे होती म्हणून दोन दृष्टी होत्या. अलास्कातल्या लहान विमानात बहुधा राजाच सारथी असतो.

या एकत्वातून जे घडते त्याला तिथल्या वैमानिकांनी ‘मूस स्टॉल’ असे नाव दिले आहे. पंखावरून हवा नीट वाहते तोवर विमान तरते; पंख हवेशी फार मोठा कोन करू लागला की तो प्रवाह तुटतो आणि विमान एकाएकी खाली येते. या घटनेला स्टॉल म्हणतात. कबच्या बाबतीत सरळ उड्डाणात ही वेळ ताशी ३८ मैलांच्या आसपास येते. पण उंची राखून साठ अंशांच्या कोनात कलून वळण घेतले, तर पंखांवरचा भार दुप्पट होतो आणि तोच स्टॉल ताशी सुमारे ५४ मैलांवर गाठतो. आता असा प्रसंग कल्पावा: खाली विलोच्या झुडपांत मोठ्या शिंगांचा नर दिसला आहे. नियमाप्रमाणे कित्येक भागांत शिंगांचा पसारा पन्नास इंच असावा लागतो, तेव्हा तो पुरेसा आहे की नाही हे पाहायची उत्कंठा आहे. वैमानिक खाली येतो, वेग कमी करतो, फेरी घालतो. पुन्हा नीट दिसावे म्हणून वळण आवळतो. डोळे जनावरावर, हात आपोआप दांडी मागे ओढतो आहे, आणि वेगाच्या काट्याकडे पाहणारे कोणी नाही. दोनशे फुटांवर प्रवाह तुटला तर सावरायला अवकाश नसतो. मारीच सोन्याच्या हरणाचे रूप घेऊन आला तेव्हा त्याने रामाला फक्त दूर नेले होते. इथे हरिणाने मायावी असण्याचीही गरज नाही. ते निमूटपणे पाला खात उभे असते.

भाराची गोष्ट याहून कमी नाट्यमय आणि तितकीच कठोर. सप्टेंबर २०२३ मध्ये अलास्काच्या पश्चिम भागात, सेंट मेरीज गावाजवळच्या रानात एक सुपर कब कोसळले. वैमानिक अनुभवी होता. शिकाऱ्यांचा एक चमू आणि त्यांचे सामान त्याने आधी सुखरूप पोहोचवले होते. मग मूसच्या मांसाच्या खेपा सुरू झाल्या. अखेरच्या खेपेत पाठीमागे मांस होते आणि शिंगे उजव्या पंखाच्या आधारदांड्याला बाहेरून बांधलेली होती. चौकशीत विमानाचे वजन मान्य मर्यादेहून अधिक आढळले, आणि तशा तऱ्हेने शिंगे बांधायला रीतसर मान्यता नव्हती असेही दिसून आले. बाहेर बांधलेली शिंगे वजनात भरतात, शिवाय हवेचा प्रवाह गढूळ करतात. त्यावर टेकडीवरून खाली घसरणारा वारा आला, तर विमानाजवळ शिलकीत काही उरत नाही. या हकिगतीत खलनायक कोणी नाही. सर्वांना विमान आवडत होते, सर्वांना मांस नासू द्यायचे नव्हते, आणि दिवस मावळण्याआधी काम संपवायचे होते. सज्जनांच्या हातून होणाऱ्या अनर्थांची घडण बहुधा अशीच असते.

अलास्कातून उडणाऱ्या विमानात कोणते सामान हवे याचीही कायद्यात यादी आहे: प्रत्येकाला आठवडाभर पुरेल असे अन्न, कुऱ्हाड, प्रथमोपचाराची पेटी, मासे धरायचे गळ आणि दोर, सुरी, विस्तव पेटवायचे साधन, डासांपासून वाचवणारी डोक्यावरची जाळी, खुणेची साधने, हिवाळ्यात बर्फावर चालायची पादत्राणे आणि झोपायची गरम पिशवी. १९७२ च्या ऑक्टोबरात अँकरेजहून जुनोकडे निघालेले एक विमान अमेरिकी संसदेच्या दोन सदस्यांसह नाहीसे झाले; एकोणचाळीस दिवस शोध झाला, काहीही सापडले नाही. त्यानंतर विमानात आपत्कालीन संदेशयंत्र ठेवण्याच्या सक्तीला जोर आला. या सर्व वस्तूंनाही वजन आहे. २०३ पौंडांतून तेही वजा होते. गंमत अशी की भार जास्त झाला की सर्वप्रथम याच वस्तू घरी ठेवाव्यात असे वाटते, कारण त्यांची गरज कालपर्यंत कधी पडलेली नसते.

मग सुताराने काय घ्यावे? सोबती एकच असेल, रान जवळचे असेल आणि हाती सवड असेल, तर पासष्ट अश्वशक्तीचे साधे दोन आसनीही चालते. त्याला दुरुस्ती थोडी, इंधन थोडे, आणि त्याच्या मर्यादा इतक्या उघड की त्या विसरता येत नाहीत. कुटुंब मोठे असेल आणि उतरायला लांब पट्टी मिळत असेल तर सेस्ना १७०. रान खडतर असेल तर गंज नसलेला, मजबूत दांड्यांचा सुपर क्रूझर, भले त्याचा रंग उडालेला का असेना. खरेदीचा सारा पैसा विमानातच घालू नये. काही भाग अनुभवी यंत्रज्ञाकडून तपासणी करून घेण्यासाठी, काही खांद्यावरून येणाऱ्या बळकट पट्ट्यांसाठी, आणि काही एखाद्या जुन्या वैमानिकाला शेजारी बसवून शिकण्यासाठी राखून ठेवावा. शेपटीला चाक असलेली ही विमाने जमिनीवर उतरल्यावर अधिक हट्टी होतात, आणि तो हट्ट पुस्तकातून कळत नाही.

पण विमान कोणतेही असो, नदीकाठच्या गोट्यांवर अखेरीस एक संध्याकाळ येतेच. मांस पिशव्यांत भरून ठेवलेले आहे, शिंगे बाजूला आहेत, ढग उतरू लागले आहेत, आणि सगळे एकाच खेपेत जाईल असे वाटते आहे. त्या वेळी वहीतले आकडे पुन्हा एकदा मांडून पाहायचे, अर्धे मांस झाडाला उंच टांगायचे आणि उद्या परत येऊ असे स्वतःला सांगायचे, एवढेच काम असते. हे ज्याला जमते त्याला १९४६ चे विमान पुरते. एक खेप वाढवण्याची ज्याची तयारी नाही, त्याला बाजारातले कोणतेच विमान परवडणारे नाही.